वन्संची खोली

कल्याण, २३ एप्रिल १९५८. अक्षय्य तृतीया होऊन गेली, गौरीची बोळवण झाली, आणि आज सकाळपासून मी आरास उतरवते आहे.

चैत्रगौरीची आरास उतरवणं हे इतर घरी अर्ध्या तासाचं काम. पायऱ्यांवर अंथरलेली लुगडी घडी करायची, समया घासायला टाकायच्या, सुकलेला मोगरा केरात लोटायचा, झालं. आमच्याकडे त्यात सबंध दिवस जातो. सेल्युलॉइडच्या बाहुल्या आहेत, मान हलवणारी बदकं आहेत, चावीची चिमणी आहे, रंगीत काचेचे गोळे, जपानी कागदाचे पंखे, आरशाच्या तुकड्यांचं तळं आणि त्या तळ्यात सोडायच्या कचकड्याच्या होड्या. एकेक वस्तू पुसायची, चिंधीत गुंडाळायची, खोक्यात भरायची, खोकी माळ्यावर चढवायची. गेल्या वर्षीच्या खोक्यांत यंदाचं सामान मावत नाही. कधीच मावलेलं नाही.

"हळू गं इंदू," वन्सं मागून म्हणाल्या. "त्या चिमणीची चावी सैल झालीय. टपरीवाला म्हणत होता, तेल घातलं की दहा वर्षं जाईल."

"दहा वर्षं ती माळ्यावरच जाणार आहे, वन्सं. वर्षातून एक महिना तर खाली येते."

"म्हणून तर टिकेल," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांच्याशी वादात जिंकता येत नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, दुर्गाताई. विसाव्या वर्षी नवरा गेला. सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही. मग ट्रेनिंग करून त्या मास्तरीण झाल्या, इथल्या मुलींच्या शाळेत लागल्या आणि आमच्याकडे राहिल्या. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा त्या घरात होत्याच. पुढच्या महिन्यात त्या रिटायर होतील. इतक्या वर्षांच्या नोकरीतून त्यांच्याजवळ काय उरलं असं मला कुणी विचारलं, तर मी ही खोकी दाखवीन.

चैत्र मला खरं म्हणजे आवडतो. कामाचा महिना आहे, पण त्याला वास चांगले आहेत. भिजवलेल्या हरभऱ्यांचा कच्चा वास, पाट्यावर भरडलेल्या डाळीचा, किसलेल्या कैरीचा, पन्ह्यातल्या वेलदोड्याचा. शहाडकडच्या नदीकाठच्या काकड्या सकाळी टोपलीतून येतात, त्यांच्यावरची माती अजून ओली असते. दुपारी फरशी इतकी तापते की अंगणातली रांगोळी काढायला गोणपाट घेऊन बसावं लागतं. ऊन उतरलं की बायका यायला लागतात. गल्लीत एकीकडून निघायचं, दुसरीकडे जायचं, तिथून तिसरीकडे. जिथं जाईल तिथं हळदीकुंकू, ओटीत मूठभर हरभरे, हातावर डाळ, पन्ह्याचा पेला. आणि आरास बघायची. कुणाची कशी आहे ते बघायचं, तोंडावर छान म्हणायचं आणि जिना उतरताना खरं काय ते बोलायचं.

हे सगळं सवाशिणींचं. वन्सं त्यात नाहीत. म्हणजे डाळ त्यांनी वाटलेली, पन्हं त्यांनी ढवळलेलं, आरास तर सबंध त्यांचीच, पण बायका यायला लागल्या की त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. त्यांना जा असं कुणी म्हटलं नव्हतं. थांबा असंही कुणी म्हटलं नाही, मीही नाही. तेव्हा तसं म्हणायची पद्धतच नव्हती. दाराला एक फट होती. पहिली बाई उंबऱ्याच्या आत येऊन आरास बघायची आणि म्हणायची, "अगंबाई!" तो शब्द त्या फटीतून आत जायचा. माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली की वन्सं दरसाल जे विकत घेतात ते हेच. बदकं नव्हेत, चिमणी नव्हे. आणि गेल्या वर्षीच्या बदकांवर यंदा कुणी अगंबाई म्हणत नाही. त्याला नवीन काहीतरी लागतं.

चैत्राखेरीजचे महिने त्यांना आडवे येत असं नाही. वर्गातल्या मुलीला पाटी नसली तर पाटी. भांडी घासणाऱ्या बाईच्या नातवाला झबलं. शेजारच्या सुनेचं डोहाळजेवण म्हणून चाफ्याची वाडी. पगार एक तारखेला व्हायचा आणि आठवड्यात त्यांच्या पिशवीत फक्त रुमाल आणि खडूचा तुकडा उरायचा. स्वतःला काही घेतलेलं मी पाहिलं नाही. दोन लुगडी धुवून वाळवून नेसत. चपलेला तीनदा टाच लावून घेतली. ह्यांनी एकदा बोलून पाहिलं. "ताई, तुझं म्हातारपण आहे ना पुढं." तर म्हणाल्या, "आहे ना. तेव्हा हीच माणसं येतील की विचारायला."

आता चार वर्षांपूर्वीच्या त्या चैत्राबद्दल.

त्या वर्षी वन्संना खोली मिळणार होती. डोंबिवलीच्या एका पाटलीणबाईची नात मामाकडे राहून इथं वन्संच्या वर्गात शिकत असे. बाईकडची माणसं मूळची तिथलीच, शेतकरी, आगरी. मुंबईची माणसं जागेसाठी डोंबिवलीपर्यंत यायला लागली तेव्हा पाटलीणबाईनं भाजीच्या शेतात सहा खोल्यांची चाळ उठवली. नातीच्या वाचनावर बाई एवढी खूश होती की दिवाळीनंतर एकदा वालाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन ती आमच्याकडे आली. दारातच बसली आणि म्हणाली, "मास्तरीणबाय, कडंची खोली तुला ठेवलीय. दोन बाजूंनी वारा हाय. आखातीजला पूजा घालून भारेकरी भरायचे. तवर कोनाला देनार नाय."

"पागडी किती?" मी विचारलं.

"पागडी नाय गो बाय. अनामत तेवढी देवा. ती मना नको, माज्या पोराला पायजे. तो म्हनतो, कागुद केल्याबिगर खोली नाय."

अनामत दीडशे रुपये. वन्संच्या पगाराच्या मानानं मोठी होती, पण अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या सहा महिन्यांत जमणारी होती.

पाटलीणबाई गेल्यावर वन्संनी गाठोडं सोडलं. शेंगा सोलत बसल्या. मग म्हणाल्या, "इंदू, रागावू नकोस. तुमच्याकडे मला काही कमी नाही. पण मला एकदा कुणाला तरी 'या' म्हणायचंय. तुझ्या दारात उभं राहून नाही, माझ्या."

मला राग कशाला येईल? आमची दीड खोली, त्यात पाच माणसं. आमची थोरली मुलगी शालू मोठी होत होती. वन्संना दोन बाजूंनी वारा मिळाला असता आणि मला एक कोपरा मोकळा. शिवाय त्यांनी इतक्या वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती. मी कामाला लागले.

पहिला उपाय भांड्यांचा. रोख पैसे वन्संच्या हातात टिकत नाहीत हे ठरलेलं. म्हणून पहिल्या पगाराच्या दिवशी मी त्यांना घेऊन तांबटाकडे गेले आणि खोलीच्या संसाराची सुरुवात केली. पातेली दोन, परात, तांब्याभांडं, झाकण्या. अनामत पुढच्या पगारांतून जमली असती. आणि हीही कुणाला देऊन टाकू नयेत म्हणून एकेका भांड्यावर मी त्यांचं नाव घालून घेतलं. कारागीर ठक ठक करत अक्षरं कोरत होता आणि मी मनात म्हणत होते, आता बघू. स्वतःचं नाव घातलेलं भांडं कोण देऊन टाकतं?

माघात कुणाच्या तरी मुलीचं लग्न निघालं, परात गेली. फाल्गुनापर्यंत पातेलीही गेली. मी विचारलं तर वन्सं शांतपणे म्हणाल्या, "नाव घातलेलंच होतं गं. आहेराला वेगळं घालायला नको." मी कपाळाला हात लावला. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचंच नाव घालतात. माझ्या स्वतःच्या फळीवरची निम्मी भांडी ह्यांच्या मावश्या-आत्यांच्या नावांची आहेत. रोज घासते, रोज वाचते. तरी मला हे सुचलं नाही. मी आहेर तयारच करून दिला होता, त्यांनी फक्त तो पोचवला.

मग दुसरा उपाय. पगार झाला की सगळा माझ्याकडे. वन्संनीच तो सुचवला. "माझ्या हातात चार आण्यांच्यावर ठेवूच नकोस," म्हणाल्या. मी ठेवले नाहीत. मागितले तर दिले नाहीत, आणि त्या दर दोन दिवसांनी मागत. कारणं इतकी चांगली असत की नाही म्हणताना माझीच मान खाली जाई. कुणाची फी, कुणाचं औषध. एकदा तर म्हणाल्या, "अगं, शिपायाच्या घरी पाळणा आहे, मी रिकाम्या हातानं कशी जाऊ?" मी म्हटलं, "जाऊ नका." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना श्वास घेऊ नका म्हटलं.

पण त्या खरंच झटल्या, हे सांगायला हवं. शाळेतून येताना बाजारातून यायचं नाही म्हणून तळ्याला वळसा घालून येऊ लागल्या. चैत्रातलं ऊन, डोक्यावर पदर, आणि तो लांबचा रस्ता. घरी येत तेव्हा चेहरा तांब्यासारखा झालेला असे आणि पाणी प्यायच्या आधी सांगत, "आजही बाजाराचं तोंड पाहिलं नाही." उपास सोडायला बसलेल्या माणसासारख्या दिसत. शालू चेष्टा करी. "आत्या, बाजार तुम्हाला विचारत होता, कुठं गेल्या म्हणून." "सांग त्याला, मेल्या म्हणावं," वन्सं म्हणत, आणि दोघी हसत सुटत. त्या महिन्यात त्या फार हसत असत. रात्रीच्या जेवणाला बसलं की खोलीचं चाले. चूल कुठं, पाण्याचा हंडा कुठं, दारात तुळस ठेवायची की झेंडू. एकदा म्हणाल्या, "खोलीत मी एक घोंगडी कायमची अंथरून ठेवणार. कुणी आलं की बसा म्हणायला अंथरत बसायला नको."

त्या चैत्रात आरासही साधी झाली. मी ठरवलं होतं, एक पैशाची नवीन वस्तू नाही. वन्संनीही मान डोलवली. खोकी माळ्यावरून खाली आणलीच नाहीत. गौर, दोन समया, माझा लग्नातला शालू नेसवलेली पायरी आणि मोगऱ्याच्या माळा. मला तर फार आवडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गौर दिसत होती.

हळदीकुंकवाच्या दिवशी पहिल्याच शेजारणी दोघी आल्या. उंबऱ्यात थांबल्या. समोर पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं.

"यंदा साधंच का हो?" एक म्हणाली.

"बरं आहे की," दुसरी म्हणाली. "सुटसुटीत."

मी कुंकू लावलं, डाळ दिली. मागून आणखी आल्या, त्याही बसल्या, बोलल्या, गेल्या. डाळ छान झालीय म्हणाल्या. पन्ह्यात केशर घातलं का म्हणून विचारलं. संध्याकाळभर घर भरलेलं होतं, पण आत जाण्यासारखा शब्द एकीनंही काढला नाही. सगळ्या गेल्यावर मी स्वयंपाकघराचं दार उघडलं, तर वन्सं पाटावर बसून उरलेले हरभरे निवडत होत्या. हरभरे आधीच निवडलेले होते.

"छान झालं ना?" मी म्हटलं.

"झालं की," त्या म्हणाल्या. "खर्च काहीच नाही झाला."

मला वाटलं, आपण जिंकलो. अनामत माझ्याकडे पुरी जमली होती आणि अक्षय्य तृतीया तोंडावर होती.

तृतीयेला मी त्यांच्याबरोबर जायचं ठरलं होतं. पण घरात गौरीची बोळवण, सवाशीण जेवायला, आणि ऐन वेळी ह्यांना ताप भरला. वन्सं म्हणाल्या, "मी काय कुक्कुलं बाळ आहे? डोंबिवली म्हणजे काय काशी आहे का?" मी पैसे रुमालात बांधून त्यांच्या हातात दिले आणि वरून म्हटलं, "सरळ स्टेशनवर." त्या म्हणाल्या, "सरळ." ठेवणीतलं पांढरं पातळ नेसल्या होत्या. कोपऱ्यावरून वळताना त्यांनी मागं वळून हात केला.

दुपारी चारला परत आल्या. हातात पाटलीणबाईनं दिलेला कापा फणस, घामानं भिजलेल्या. मी पाणी दिलं.

"काय झालं? कागद झाला?"

"खोली काही बरी नाही गं," त्या म्हणाल्या. "ओल आहे."

"ओल? वैशाखात?"

"भिंतीला हात लावला की कळतं. शिवाय स्टेशन लांब पडतं. मी नको म्हणून सांगून आले."

"आणि पैसे?"

त्यांनी फणस खाली ठेवला आणि म्हणाल्या, "विळी दे. चीक हाताला लागण्याआधी तेल लाव म्हणजे झालं." ह्यांचा ताप चढत होता, मीही त्या वेळी लावून धरलं नाही.

खरं काय ते मला मृग लागल्यावर कळलं. पाटलीणबाई नातीच्या दाखल्यासाठी कल्याणला आली होती. वन्सं शाळेत होत्या. मी विचारलं, "बाई, खोलीला ओल आहे का हो?"

"ओल?" ती उसळली. "जल्ली कसली ओल? त्या खोलीत ती मुंबयची जोडी काय भिजतेय? तुजी ननंद म्हंजे देवी गो बाय. आयली ती दोन्ही हात भरून. माज्यासाठी हिरवं लुगडं, चांगल्या काठाचं. चाळीतल्या पाच बायांना पाच खण. पोरांना बाजे, बाहुल्या. पेढे तर सगल्या चाळीला. मी म्हनली, अगो, ही मास्तरीण हाय का सावकारीण? बाया नुसत्या बघत रायल्या."

"काय म्हणाल्या बायका?"

"म्हनतील काय? अगंबाई म्हनल्या!"

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"मग माजा पोरगा कागुद घेऊन आला," पाटलीणबाई म्हणाली. "तिनी रुमाल सोडला, आत बघितलं, न परत बांधला. बोलली, मना खोली नको, सगल्यांना भेटावं म्हनून आयलेली. मी म्हनली, अगो, पैसं कमी आसतील तर मागून दे, मी पोराला सांगते. तर तिचा चेरा असा झाला का मीच भ्यायली. बोलली, पैशाचं काय नाय, आमचे घरचे सोडत नाय मना." पाटलीणबाईनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "खरंच सोडत नाय का गो तुमी तिला?"

"नाही सोडत," मी म्हटलं.

दुसरं काय म्हणणार होते? ज्या बायकांनी आत्ता कुठं अगंबाई म्हटलं, त्यांच्यासमोर अनामतीला पैसे कमी पडले हे वन्संना सांगता आलं नाही. शेजाऱ्यांनी आपल्याला आपलं म्हणावं म्हणून त्यांनी शेजारच विकत घेतला आणि त्यात खोली घालवली. पुढं पाटलीणबाईनं सांगितलेली एक गोष्ट माझ्या अजून डोळ्यांपुढं आहे, मी तर ती पाहिलेलीही नाही. खण घेतल्यावर त्या पाच बायका घुटमळल्या. परतीचं काहीतरी द्यायचं असतं, आणि वन्संच्या कपाळाला कुंकू तर लावता येत नाही. शेवटी एकीनं आत जाऊन चिमूटभर साखर आणली आणि वन्संच्या हातावर ठेवली. वन्संनी ती तिथंच उभ्यानं खाल्ली.

मी वन्संना त्यातलं काही बोलले नाही. त्यांनाही ठाऊक होतं की मला कळलंय. पाटलीणबाई येऊन गेली म्हणून मी सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "लुगडं नेसली होती का?"

"नेसली होती."

"उठून दिसत होतं?"

"हो."

तिथं तो विषय संपला. पुढच्या चैत्रात खोकी खाली आली आणि वन्सं कचकड्याच्या होड्या घेऊन आल्या. पगार माझ्याकडे द्यायचं बंद झालं, मीही मागितला नाही. तळ्याच्या रस्त्यानं त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत.

लोक मला म्हणतात, इंदूताई, तुम्ही एवढ्या व्यवहारी, तुमच्या घरात हे कसं? मी सांगते, व्यवहार पैशाला कळतो, माणसाला कळतोच असं नाही. व्यसन असतं तर मी बाटली फोडली असती. उधळी बाई असती तर भांडले असते. इथं कुणाशी भांडायचं? ज्याच्यासाठी त्या खर्च करतात ते फुकट द्यायला कुणी तयार नाही. गल्लीतली नाही, शाळेतली नाही, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं मीही नाही. हल्ली पद्धती थोड्या सैल झाल्यात. यंदा मी त्यांना बाहेर येऊन बसा म्हटलं. त्या म्हणाल्या, "आता कशाला गं, सवय नाही." खरंच नाही. त्या दार लोटून आतच बसल्या. आतल्या आत त्यांना बरं वाटत असावं.

आता खोकी बांधून झाली. मी सुतळीची गाठ मारत होते तेव्हा वन्सं जवळ येऊन बसल्या.

"इंदू, जूनमध्ये माझा फंड मिळेल."

"हं."

"मी म्हटलं, तेव्हा एकदा डोंबिवलीला जाऊन यावं. पाटलीणबाईनं मागच्या बाजूला आणखी खोल्या काढल्यात म्हणे."

मी मान वर केली. चार वर्षांत त्यांनी डोंबिवलीचं नाव काढलं नव्हतं. क्षणभर मलाही वाटलं की होईल. फंडाची रक्कम थोडीथोडकी नसते. मी बरोबर जाईन, रुमाल माझ्या कमरेला असेल, कागद माझ्यासमोर होईल.

"जाऊ," मी म्हटलं. "दोघी जाऊ."

"आणि तिच्या त्या नातीचं लग्न ठरलंय," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला, हलका झाला. "माझ्या हाताखाली शिकलेली पोर. तिला काहीतरी धड द्यायला हवं. मी मनात शेलाच धरलाय. आणि हिला शेला दिला तर तिच्या धाकटीला नुसतं कसं ठेवायचं? आणि चाळीतल्या बायका असतीलच लग्नाला..."

त्या बोलत राहिल्या. कुणाला काय, कुठल्या दुकानातून, कुठल्या रंगाचं. डोळे नुसते चमकत होते. मी सुतळी कापली. फंड अजून सरकारच्या तिजोरीत होता आणि माझ्यासमोर तो संपत चालला होता. मला त्यांना थांबवायचं सुचलं नाही असं नाही. थांबवून त्यांच्या हातात काय द्यायचं ते सुचलं नाही.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू ठेव ना फंड तुझ्याकडे." मी म्हटलं, "मागच्या खेपेला पैसे ठेवले होते." हे कूस वळवून म्हणाले, "म्हणजे ताई इथंच." मी म्हटलं, "इथंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मी पहिलं काम केलं ते भिंतीतल्या कपाटाचं. मधली फळी मोकळी केली, ओल्या फडक्यानं पुसली, वर्तमानपत्र अंथरलं. वन्संचं सामान इतकी वर्षं खाटेखालच्या ट्रंकेत असे. कधी ना कधी जातील म्हणून त्या सामानाला कुणी कधी जागा केली नव्हती. मी म्हटलं, "वन्सं, ही फळी तुमची. ट्रंक काढून इथं लावा."

त्या फळीकडे बघत उभ्या राहिल्या. "म्हणजे डोंबिवली नाही?"

"नाही."

त्यांनी ते मानलं असंही नाही आणि नाही म्हटलं असंही नाही. ट्रंक ओढली. दोन लुगडी ठेवली, शाल ठेवली, चष्म्याचं घर, पोथी, शाळेतलं घड्याळ. एवढंच होतं. फळीची पाऊण जागा तशीच राहिली. मी चहा केला, दोघींनी घेतला, मी पुन्हा जाऊन पाहिलं. आणखी काही ठेवायचं नव्हतं त्यांना.

साठवणाच्या डाळी परवा आल्या होत्या आणि डबे अजून जमिनीवर होते. मी स्टुलावर चढले आणि उरलेल्या जागेत ते लावून घेतले. खालून एकेक डबा वर द्यायला वन्संच उभ्या होत्या.